कूलंट गळतंय: पावडर, झाळकाम की नवा रेडिएटर?

दहा-बारा वर्षं वापरलेली वॅगन-आर, सँट्रो किंवा इंडिका. दर आठवड्याला रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागतंय आणि गॅरेजवाला बोनेट उघडताच म्हणतोय, "रेडिएटर गेला, बदलून टाका." बदलायचा की नाही हे नंतर ठरवू. आधी गळती शोधायची कशी ते ठरवा. नवा रेडिएटर बसवूनही पाणी कमी होतच राहिलं, असे मालक काही कमी नाहीत.

घरच्या घरी शोधायला खर्च शून्य. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहायचं. पुढच्या बाजूला असेल तर रेडिएटर किंवा खालचा होज (रबरी नळी), इंजिनच्या बेल्टच्या बाजूला असेल तर वॉटर पंपावर संशय घ्या. डाव्या सीटच्या पुढे खाली ठिपकणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं, ते सोडून द्या. वाळलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, होजच्या तोंडाशी पांढरट-हिरवट खपली धरतं, तीही शोधा. पण ही पद्धत अर्धवटच आहे. काही गळत्या दाब चढल्यावरच उघडतात, आणि तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जमिनीवर यायच्या आत उडून जातो.

अशा वेळी प्रेशर टेस्टर हवा. रेडिएटरच्या टोपणाच्या जागी बसणारा हा मीटरवाला हातपंप. इंजिन थंड असताना टोपणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच, बहुधा ०.९ किंवा १.१ बार, दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काट्यावर नजर ठेवायची. काटा उतरला की टॉर्च घेऊन थेंब शोधायचा. इंजिन गार असल्याने हातही भाजत नाही. काटा उतरतोय पण बाहेर कुठेच ओल नाही, तर दोनच मोठे संशयित उरतात. डाव्या बाजूचं कार्पेट ओलं, काचेवर चिकट धुकं आणि आत गोडसर वास असेल तर हीटरची जाळी. तसं काही नसेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांमधली सीलपट्टी. त्यासाठी निळ्या द्रवाची वेगळी चाचणी असते: रेडिएटरच्या तोंडाशी जळलेला वायू येत असेल तर द्रव पिवळा पडतो.

कूलंटमध्ये रंग घालून निळ्या-जांभळ्या टॉर्चखाली गळती पाहण्याची पद्धत हळू झिरपणाऱ्या गळतीला चांगली, पण त्यासाठी गाडी काही दिवस चालवावी लागते आणि तेलकट, चिकट झालेल्या जुन्या इंजिनावर नीट दिसतही नाही. माझं मत प्रेशर टेस्टरच्या बाजूने. गाडी नेण्याआधी फोन करून "टेस्टर आहे का?" एवढं विचारा, नाक्यावरच्या प्रत्येक गॅरेजात तो असतोच असं नाही.

याच टेस्टरवर टोपणही तपासून घ्या. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. ०.९ चं टोपण नीट दाब धरत असेल तर आतलं साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपणाचं रबर कडक झालं की पाणी शंभरालाच उकळतं, आणि खंबाटकी किंवा कसारा चढताना रेडिएटरला जोडलेल्या बाजूच्या बाटलीतून बाहेर जातं. गळती कुठेच नाही, तरी पाणी कमी! इंजिन गरम असताना मात्र टोपणाला हात लावू नका.

आता दुरुस्ती. होज फुगलेला, मऊ पडलेला असेल तर विचार करत बसू नका. नव्या क्लिपांसह बदला. पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पाणी येत असेल तर पंप बदला, आणि तो टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर बेल्टही त्याच मजुरीत उरकून घ्या.

खरी तुलना रेडिएटरची. पद्मिनी, अँबॅसिडरचे तांबे-पितळेचे रेडिएटर झाळता येतात. जाणता कारागीर मिळाला तर नवा घेण्याचं कारण नाही. नंतरच्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि वर-खाली किंवा बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या. उष्णतेने हे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन नळीच्या तोंडाशी तडकतं. त्यावरचं एम-सील पुढच्या घाटापर्यंत टिकलं तरी नशीब. रेडिएटरवाले टाकी बदलूनही देतात, पण ते नवा मिळतच नसेल तर. मिळत असेल तर मी नवाच घेईन. कंपनीचा महाग वाटला तर बाहेरचा चालेल, फक्त पंख्याचे बोल्ट आणि नळ्यांचा व्यास जुन्याशी दुकानातच ताडून पाहा.

बाटलीतली गळतीबंद पावडर आणि ट्रकवाल्यांची हळद या दोघींचं काम एकच: गळतीच्या फटीत जाऊन बसणं. अडचण अशी की त्या हीटरच्या बारीक नळ्यांतही बसतात. आडरानात अडकलात तर घाला आणि घर गाठा. नंतर सगळी यंत्रणा धुऊन काढा. कायमचा उपाय म्हणून नको.

हेड गॅस्केट निघालं तर हिशेबच बदलतो. हेड उतरवणं, वाकलं असेल तर फेसिंग (घासून सपाट करणं), नवे बोल्ट. बिल गाडीच्या किमतीला भिडू शकतं. इथे आरसी बुक बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे फिटनेस करून ५ वर्षांची मुदतवाढ, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. मुदतवाढ घ्यायचीच असेल आणि पत्रा शाबूत असेल तर काम करा. वर्षभरात काढायची असेल तर दोष सांगून आहे तशी विका.

काहीही दुरुस्त केलंत तरी भरताना बोअरचं पाणी नको, क्षार जमतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, गंजाची आहे. हिरव्यात गुलाबी मिसळू नका. सांडलेलं लगेच धुवा. ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना, मुलांना विषारी असतं. मग रेडिएटरच्या बाजूच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर सकाळी, इंजिन गार असताना, पातळी बघत जा. पहिल्या एक-दोन दिवसांत आत अडकलेली हवा निघून ती थोडी उतरेल, तेवढी भरा. त्यानंतरही उतरत राहिली तर गाडी परत टेस्टरवर न्या.