क्रिटावर चोवीस पानी कॉमिक: कुठे साथ मिळते, कुठे घोडं अडतं

चित्रकलेच्या सॉफ्टवेअरची परीक्षणं बहुधा पहिल्या संध्याकाळीच लिहून होतात. ब्रश किती आहेत ते मोजलं, रंग मिसळून पाहिले, एक छानसा चेहरा काढला की झालं. पण कॉलेज किंवा नोकरी सांभाळून, रात्री तास-दीड तास काढून कुणी स्वतःचं कॉमिक पुरं करायला बसलं असेल, तर त्याचा प्रश्न वेगळा असतो. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर, सतराव्या पानाशी, हेच सॉफ्टवेअर कसं वागतं? इथे क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरची 5.2 आवृत्ती फक्त या एका कसोटीवर पाहिली आहे. काम धरलंय ते असं: ए5 आकार, कव्हर धरून 24 पानं, आत काळंपांढरं, मराठी संवाद आणि शेवटी सेंटर पिन (कागद मधोमध दुमडून घडीवर पिना) मारलेली छापील पुस्तिका.

आधी हिशेब. साध्या पार्श्वभूमीच्या एका पानाला कच्च्या रेखाटनापासून करड्या छटांपर्यंत सहा तास धरले, तर 24 पानांचे 144 तास होतात. आठवड्यातून पाच दिवस दीड-दीड तास बसलात तर साधारण वीस आठवडे. त्यात परीक्षा, गणपती, घरातलं एखादं लग्न मिळवा. सहा-आठ महिने सहज जातात. एवढ्या काळात लॅपटॉप एकदा तरी दगा देतो आणि ‘शैली बदलावी का’ हा किडा तर हमखास वळवळतो.

क्रिटा फुकट आहे, आणि खरोखरच फुकट. चाचणीची मुदत नाही, चित्रावर शिक्का नाही. स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर पैसे लागतात, पण वस्तू तीच आहे. ते पैसे क्रिटाच्या विकासाला जातात. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. आयपॅडवर नाही. अँड्रॉइड टॅब्लेटवर मिळतं, पण आठ महिन्यांचं काम त्याच्या भरवशावर टाकू नका.

पहिलं पान काढण्याआधी एक पूर्ण संध्याकाळ साच्याला द्या. ए5 म्हणजे 148 × 210 मिमी. चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारी जादा कड, धरलं की 154 × 216. हे 600 डीपीआयला (एका इंचात 600 ठिपके) 3638 × 5102 पिक्सेल होतं. काळ्या रेघेला छपाईत 600 लागतंच, 300 वर तिरप्या रेघांचे दात दिसतात. रंगाची पद्धत ग्रेस्केल (फक्त काळं, पांढरं आणि करडं), 8 बिट. हा बदल विसरू नका, कारण आरजीबी 16 बिटमध्ये याच आकाराचा एक भरलेला लेअर (चित्राचा एक थर) 148 एमबी खातो. ग्रेस्केल 8 बिटमध्ये तोच 37 एमबीत बसतो. 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पान गुळगुळीत चालणार की प्रत्येक फटकाऱ्याला थबकणार, हे इथेच ठरतं. एक तोटा आहे: ग्रेस्केलमध्ये निळ्या पेन्सिलचं कच्चं रेखाटन करता येत नाही. कच्चा लेअर 25 टक्के अपारदर्शकतेवर ठेवला की काम भागतं.

साच्यात कापणीच्या रेघेपासून आत 7 मिमीवर सुरक्षित चौकट आखा (अक्षरं हिच्या आतच ठेवायची), कॉमिकच्या चित्रचौकटींमधली फट 4 मिमी म्हणजे 94 पिक्सेल ठेवा. लेअरचे गट करा: कच्चं, शाई, छटा, फुगे, चौकटी. मग फाइल मेनूतून ‘क्रिएट टेम्प्लेट फ्रॉम इमेज’. यानंतर प्रत्येक पान दोन क्लिकमध्ये तयार. थकून आलेल्या रात्री ‘आज आधी चौकटी आखायच्या’ ही पळवाट उरत नाही.

ब्रशांबद्दल. क्रिटा शंभराहून जास्त ब्रश देतं आणि लोक त्याचं कौतुक करतात. लांब पल्ल्याच्या कामाला हीच मोठी अडचण ठरते, कारण प्रत्येक रात्रीची पंधरा-वीस मिनिटं नवा ब्रश चाखण्यात जातात, आणि तिसऱ्या पानावरचं पात्र नवव्यावर वेगळ्याच हातानं काढल्यासारखं दिसतं. उपाय क्रिटातच आहे. स्वतःचा एक टॅग बनवा आणि त्यात पाचच ब्रश ठेवा: कच्च्यासाठी पेन्सिल, शाईसाठी ‘इंक-3 जीपेन’, बारीक रेघेसाठी ‘फाइनलायनर’, सपाट भरणीसाठी एक साधा गोल आणि एक खरबरीत पोताचा. कॅनव्हासवर राइट क्लिक केल्यावर उघडणाऱ्या गोल पॅलेटमध्ये हाच टॅग निवडला की बाकीची जत्रा डोळ्यांआड होते. ब्रशांच्या जाड्या मिमीत ठरवून कागदावर लिहून ठेवा. 600 डीपीआयला चौकट 0.5 मिमी म्हणजे 12 पिक्सेल, बाह्यरेघ 7, आतल्या बारकाव्यांची रेघ 4. चारच्या खाली गेलात तर साध्या डिजिटल छपाईत रेघ तुटते. बदललेला ब्रश नव्या नावानं जतन करायला विसरू नका, नाहीतर महिनाभरानं ‘आपण नक्की कोणत्या जाडीनं काढत होतो?’ हे शोधण्यात एक संध्याकाळ जाते.

पेन टॅब्लेटचं दुखणं विंडोजवर जास्त. शाई काढताना दाब लागतच नाही, रेघ एकाच जाडीची येते किंवा कर्सर पेनापासून बोटभर लांब पळतो: कारण बहुतेक वेळा विनटॅब आणि विंडोज इंक या पेनाची हालचाल संगणकाला कळवणाऱ्या दोन पद्धतींमधली ओढाताण. क्रिटाच्या सेटिंगमध्ये ‘टॅब्लेट सेटिंग्ज’ खाली या दोन्हींपैकी एक निवडता येतं. दुसरं निवडा, क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. तरीही जमत नसेल तर जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर मशीनवर पडून आहे का पाहा. दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. आणि गोल काढला की अंडं होत असेल तर दोष हाताचा नाही. टॅब्लेटची पाटी 16:10 आणि लॅपटॉपचा पडदा 16:9 असेल तर एक दिशा ताणली जाते. टॅब्लेटच्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची सोय असते, ती सुरू करा. पाच हजारांच्या आतला बिनपडद्याचा टॅब्लेट या कामाला पुरतो.

हात थरथरत असेल तर ब्रशच्या पर्यायांत ‘स्टॅबिलायझर’ आहे. लांब वळणांना उत्तम, पण केसांच्या बटा आणि बोटांसारख्या छोट्या रेघांना तो मागे ओढतो. तिथे ‘वेटेड’वर या. एम दाबलं की पान आरशातल्यासारखं उलटतं. एका बाजूला झुकलेले चेहरे त्यात लगेच पकडले जातात. शाईआधी हे एकदा कराच.

छटा भरताना नवशिक्याला हमखास छळणारी गोष्ट म्हणजे रेघ आणि भरणी यांच्यामध्ये राहणारी पांढरी किनार. शाईच्या रेघेच्या कडा मऊ असतात, बादली (भरणीचं साधन) त्या मऊ भागाशीच थांबते. भरणीचा लेअर शाईच्या खाली ठेवा, बादलीला संदर्भ म्हणून शाईचा लेअर द्या आणि ‘ग्रो सिलेक्शन’ 2 किंवा 3 पिक्सेल करा. किनार जाते. गर्दीच्या दृश्याला ‘कलराइज मास्क’ वापरून बघा: प्रत्येक भागात छटेचा एकेक फराटा मारायचा, बाकी भरणी तो करतो. 600 डीपीआयच्या पूर्ण पानावर मात्र तो चहा करून येईपर्यंत विचार करतो. चौकट-चौकट करून वापरलेला बरा. छटा चारपेक्षा जास्त ठेवू नका आणि दोन छटांमध्ये किमान 15 टक्क्यांचं अंतर असू द्या. पडद्यावर वेगळ्या दिसणाऱ्या 20 आणि 25 टक्के कागदावर एकच होतात.

आता जतन. या बाबतीत क्रिटाला पैकीच्या पैकी. कंट्रोल-ऑल्ट-एस दाबलं की नावापुढचा आकडा वाढवून नवी प्रत होते, जुनी तशीच राहते. रोज बसण्याआधी एकदा दाबायचं, बस. सेटिंगमध्ये सुरुवातीला मागचं सेशन उघडायला सांगितलं की कालची उघडी पानं आज समोर येतात. गोष्ट किरकोळ, पण रात्री साडेदहाला फोल्डर शोधत बसावं लागत नाही हे थोडं नव्हे. आणि फाइल कधी उघडेनाशी झालीच तर रडू नका. केआरए ही क्रिटाची स्वतःची फाइल मुळात झिप फाइल आहे. तिच्या प्रतीचं नाव बदलून शेवट झिप करा आणि आत पाहा: ‘मर्ज्डइमेज’ नावाचं पीएनजी असतं. ते शाबूत असेल तर लेअर गेले तरी पान वाचतं. हे सगळं एकाच डिस्कवर ठेवलं तर मात्र काही उपयोग नाही. दर रविवारी पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर एक प्रत जायलाच हवी.

आता जिथे घोडं अडतं ती जागा. क्रिटाला पान कळतं, पुस्तक कळत नाही. एका फाइलमध्ये अनेक पानं नाहीत. कॉमिक व्यवस्थापनाचा एक पायथन प्लगइन सोबत येतो, तो पानांची यादी ठेवतो आणि सीबीझेड किंवा ईपब या पडद्यावर वाचायच्या पुस्तकाच्या फायली काढून देतो, पण त्याचं वागणं कोरडं आहे. क्लिप स्टुडिओ पेंट या दुसऱ्या चित्रकला सॉफ्टवेअरच्या ईएक्स आवृत्तीत सगळी पानं एका खिडकीत समोरासमोर दिसतात. क्रिटात ती सोय नाही. पीडीएफ निर्यातही नाही, म्हणजे छापखान्याला द्यायची वस्तू क्रिटातून थेट निघतच नाही.

आणि अक्षरं. ऑक्टोबर 2023 च्या 5.2 मध्ये मजकुराचं इंजिन नव्यानं लिहिलं गेलं, पण या आवृत्तीत मजकूर वेगळ्या खिडकीत टाइप करावा लागतो. एका फुग्यातल्या तीन ओळी बसवायला ती खिडकी चारदा उघड-बंद होते. चोवीस पानांत दीडशे फुगे असतील तर नुसत्या कल्पनेनंच अंगावर काटा येतो. सरळ सांगायचं तर चित्रं क्रिटात, अक्षरं स्क्रायबस या पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. स्क्रायबसही फुकट आहे, त्याची स्थिर 1.6 आवृत्ती जानेवारी 2024 मध्ये आली आणि जोडाक्षरं ते नीट जुळवतं.

क्रम असा ठेवा. कच्च्या रेखाटनातच संवाद हातानं, खऱ्या मापात लिहा. 9.5 पॉइंट म्हणजे 600 डीपीआयला सुमारे 79 पिक्सेल. इथेच कळतं की भाषण लांबलंय आणि फुगा नायकाच्या डोक्यावर बसणार आहे. शाईच्या वेळी फुगे वेगळ्या लेअरवर काढा. पान ग्रेस्केल पीएनजीत काढा, स्क्रायबसमध्ये ठेवा, वर मजकूर बसवा. इंग्रजी कॉमिकांचे ओळींमधल्या अंतराचे नियम उचलू नका. आपल्याला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार असतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या 1.35 ते 1.4 पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा ‘कु’ खालच्या ओळीच्या ‘कें’वर आदळतो. 8 पॉइंटच्या खाली ‘क्ष’ आणि ‘द्ध’ची पोटं बुजतात.

फॉन्ट निवडण्याआधी एक ओळ टाइप करून बघा: ‘दुसऱ्या कुऱ्हाडीनं लाल शेंडी तोडली’. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ नीट उमटतात का, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हे त्यात दिसतं. काही फॉन्टांत मराठी वळण दडलेलं असतं, मजकुराची भाषा मराठी ठेवली की बाहेर येतं. संवादांना हस्ताक्षरी वळणाचा ‘कलम’ चांगला, निवेदनाच्या पट्टीला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’, आणि धडाम-धुडूमसाठी ‘बालू’. मुखपृष्ठाला ‘यात्रा वन’ पाहा, मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवला आहे. हे चारही मोफत आणि छापायला खुले आहेत.

रेंगाळण्याची एक ठरावीक जागा असते: सातवं-आठवं पान. तोवर हात सुधारलेला असतो आणि पहिलं पान डोळ्यांत खुपायला लागतं. ते पुन्हा काढायला घेतलं की चौथ्यापर्यंत मागे जावं लागतं, तोवर हात आणखी सुधारतो. असं चक्रात फिरून सुटलेली कॉमिकं खूप आहेत. पहिल्या पानावर दुरुस्तीची यादी चिकटवा आणि चोविसावं होईपर्यंत त्याला हात लावू नका. क्रिटाचा ‘रेकॉर्डर’ही लांबच ठेवा, कामाची फास्ट फॉरवर्ड चित्रफीत बनवता येते, पण मग माणूस चित्रफितीसाठी काढायला लागतो. शिकायचंच असेल तर ‘पेपर अँड कॅरट’ हे क्रिटात केलेलं वेबकॉमिक आहे, त्याच्या मूळ केआरए फायली उतरवून लेअर उलगडून बघता येतात. एका रविवारी एकच पान उलगडा.

सेंटर पिनसाठी पानांची संख्या चारच्या पटीत लागते, म्हणून 24. 22 पानांची गोष्ट झाली तर दोन पानं कोरी जातील. आत 90 किंवा 100 जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो हा साधा पांढरा कागद पुरे, कव्हरला 250 चं आर्ट कार्ड. स्क्रायबसमधून पीडीएफ काढताना फॉन्ट एम्बेड करा (फाइलमध्येच घाला) किंवा सरळ आउटलाइन करा (अक्षरांची चित्रं बनवा), कारण छापखान्यातल्या डीटीपीवाल्याचं मशीन अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांवर चालत असेल तर मजकुराची भेळ होते. पानं सुटी आणि क्रमानं द्या, जोडणी त्यांना करू द्या. आधी एक डमी (नमुना प्रत) मागा. तिच्यात दोनच गोष्टी बघायच्या: मधल्या पानांची कडेची अक्षरं कापणीत जात नाहीत ना, आणि 15 टक्के छटा कागदावर दिसते का.

आणि काम चालू असताना क्रिटाची आवृत्ती बदलू नका. विंडोजवर झिपमधली पोर्टेबल प्रत आणि लिनक्सवर अ‍ॅपइमेज मिळते, दोन्ही इन्स्टॉल न करता चालतात. ज्या आवृत्तीवर पहिलं पान काढलं तीच प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवा.