गॅरंड आणि एसकेएस: लांब धावेचा पिस्टन की आखूड?

अमेरिकेची एम१ गॅरंड (1936) आणि सोव्हिएत एसकेएस (1945) या दोन्ही रायफली काडतुसातली दारू जळून निघणाऱ्या गॅसवरच चालतात. गॅरंडचा पिस्टन म्हणजे ऑपरेटिंग रॉडचंच, म्हणजे बोल्ट मागे ओढणाऱ्या दांड्याचंच, टोक. तो बोल्टसोबत (काडतुसामागे नळी बंद करणारा भाग) शेवटपर्यंत मागे जातो, ही लांब धाव. एसकेएसचा सुटा पिस्टन पुशरॉडमार्फत (ढकलणारा छोटा दांडा) बोल्ट कॅरिअरला, म्हणजे बोल्ट वाहून नेणाऱ्या भागाला, एक टोला देऊन थांबतो, ही आखूड धाव.

गॅरंडचं दुखणं तो लांब रॉडच. संथ जळणाऱ्या दारूची, जड गोळीची काडतुसं वापरली की नळीच्या टोकाजवळच्या गॅस-छिद्रापाशी दाब वाढतो आणि रॉड वाकतो. बोल्टच्या लगना (बंद करताना खाचेत अडकणारे दात) ग्रीस हवंच. गॅस सिलिंडर मात्र कोरडा ठेवा, तेल जळून काजळी धरते.

सफाईला एसकेएस सोपी: नेम धरायच्या मागच्या साइटजवळची कळ फिरवली की गॅस ट्यूब पिस्टनसकट हातात. क्षार सोडणाऱ्या प्रायमरची (दारू पेटवणारी टिकली) जुनी काडतुसं झाडली असतील, तर नळी, ट्यूब आणि पिस्टन त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन वाळवा. नुसत्या तेलाने क्षार जात नाहीत, गंज चढतो.

खरा धोका फायरिंग पिनचा, म्हणजे बोल्टमधल्या प्रायमरवर आपटणाऱ्या सुईचा. बहुतेक एसकेएसमध्ये तिला स्प्रिंग नसते. साठवणीचं घट्ट ग्रीस आत राहिलं तर पिन पुढे अडकते आणि बोल्ट बंद होताच, ट्रिगर न दाबता, गोळी सुटते. रायफल रिकामी करून बोल्ट काढा, कानाशी हलवा. पिन खुळखुळली पाहिजे.