मोजक्याच संगणकांना वेगळी पॉलिसी: ओयू, सिक्युरिटी ग्रुप की डब्ल्यूएमआय फिल्टर?

ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (विंडोज संगणक आणि यूजर एका जागेवरून सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) डोमेनमध्ये २०० संगणक आहेत आणि पेनड्राइव्ह फक्त १२ मशीनवर बंद करायचे आहेत. ही १२ मशीन बसली कुठे आहेत, यावर मार्ग ठरतो.

सगळी एकाच लॅबमधली असतील तर ओयूच (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे डोमेनमधला कप्पा) करा. नवं ओयू, मशीन त्यात हलवायची, जीपीओ (ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट, म्हणजे पॉलिसीच्या सेटिंगचा संच) तिथेच लिंक. उद्या दुसऱ्या ॲडमिनने उघडलं तरी काय कुठे लागू आहे ते लगेच दिसतं. अडचण एवढीच की संगणक एका वेळी एकाच ओयूत राहतो. शिवाय डोमेनला नवीन जोडलेलं मशीन मुळात 'कॉम्प्युटर्स' कंटेनरमध्ये जातं. ते ओयू नव्हे, त्याला जीपीओ लिंक होत नाही; मशीन हलवायचं राहिलं की पॉलिसीही राहिली.

मशीन चार विभागांत विखुरलेली असतील तर सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे निवडक खात्यांचा गट. ग्रुपमध्ये संगणकांची खाती घाला, जीपीओच्या सिक्युरिटी फिल्टरिंगमधून 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' (यात डोमेनची सगळी यूजर आणि संगणक खाती येतात) काढा, ग्रुप टाका. यानंतर मशीन रीस्टार्ट करा. ग्रुपचं सदस्यत्व संगणकाला सुरू होताना मिळतं, त्यामुळे नुसतं 'जीपीअपडेट /फोर्स' (पॉलिसी लगेच पुन्हा लावायची कमांड) मारून काही होत नाही. फिल्टर यूजरच्या ग्रुपवर असेल तर आणखी एक खाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या जून २०१६च्या एमएस१६-०७२ या सुरक्षा अपडेटपासून यूजर पॉलिसीही संगणकाच्या खात्याने वाचली जाते. म्हणून डेलिगेशन टॅबमध्ये 'डोमेन कॉम्प्युटर्स'ला (डोमेनमधले सगळे संगणक) फक्त रीड, म्हणजे वाचायची परवानगी द्या; अप्लाय, म्हणजे लागू करायची नको. हे विसरलं की पॉलिसी गुपचूप लागू होत नाही, आणि माणूस दिवसभर शोधत बसतो.

डब्ल्यूएमआय फिल्टर (मशीनची माहिती विचारून पॉलिसी लावायची की नाही ते ठरवणारी अट) शेवटी. 'प्रॉडक्टटाइप = १' म्हणजे वर्कस्टेशन, एवढ्यापुरता तो उत्तम. बिल्ड नंबर (विंडोजच्या आवृत्तीचा आकडा) मात्र जपून: तो मजकूर म्हणून तपासला जातो, त्यामुळे "७६०१" हा "२२०००"पेक्षा मोठा ठरतो आणि विंडोज ११साठी लिहिलेल्या फिल्टरमध्ये विंडोज ७ शिरतं.

सेटिंग यूजरची, पण हवी त्या १२ मशीनवरच, मग कोणीही लॉगिन करो? अशा वेळी लूपबॅक चालू करा, म्हणजे यूजरची सेटिंग मशीनवरून ठरते. सार्वजनिक मशीनला 'रिप्लेस' (यूजरच्या स्वतःच्या पॉलिसीऐवजी मशीनची), बाकी ठिकाणी 'मर्ज' (दोन्ही एकत्र).

कुठलाही मार्ग घेतला तरी 'जीपीरिझल्ट /एच' (कुठली पॉलिसी लागली याचा अहवाल देणारी कमांड) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर संगणकाचा भाग अहवालात येत नाही. पॉलिसी नाकारली गेली असेल तर कारणही तिथेच लिहिलेलं असतं.