थर्मासवाल्या ड्रिप कॉफी मशीनबद्दल

आमच्याकडे नवरा पहाटे साडेपाचला कामावर निघतो, मी सातनंतर निवांत पिते, लेकीला अभ्यासाला बसताना नऊला कप लागतो. एकदा केलेली कॉफी तिघांना पुरावी म्हणून मी काचेच्या भांड्याऐवजी स्टीलच्या थर्मासचंच ड्रिप मशीन (कागदी फिल्टरमधल्या पुडीवर गरम पाणी ठिबकवणारं) घेतलं, आणि ते मला मनापासून आवडलंय. काचेच्या भांड्याखालची तापती प्लेट कॉफी गरम ठेवते खरी, पण थोड्या वेळात ती करपट कडू करते. इथे ती प्लेटच नाही. नवाचा कप वाफाळता नसतो, पण गरम असतो, आणि कडवट तर मुळीच नसतो.

थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्याच. नाहीतर थंड स्टील कॉफीची थोडी ऊब खातं. चिकमगळूरची अरेबिका मध्यम दळून आणते, लिटरभर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम. चिकोरी घातलेली बारीक फिल्टर पूड यात नको, कागदी फिल्टर तुंबतो आणि पाणी वरून ओसंडतं. सासूबाईंना दुधाची दाट कॉफी लागते. त्यांचा पितळी फिल्टर मी हलवलेला नाही, त्यातून उतरणाऱ्या डिकॉक्शनची (दाट कॉफीच्या अर्काची) जागा हे मशीन घेऊ शकत नाही.

खटकतं ते थर्मासचं अरुंद तोंड. हात आत जात नाही, डाग चढतात. रात्री खायचा सोडा आणि गरम पाणी भरून ठेवलं की सकाळी ब्रशने निघतात. बोअरचं पाणी असेल तर क्षार साचतात, म्हणून महिन्याकाठी लिंबूसत्त्वाचं पाणी मशीनमधून फिरवा, मग दोनदा साधं.