परदेशी स्वयंसेवकाच्या खोलीत पत्र्याचा कूलर: कसा घ्यावा, कसा चालवावा

विदर्भातल्या संस्थांकडे परदेशातून येणारा स्वयंसेवक बहुतेक वेळा गावातच, कुणाच्या तरी घरच्या एका खोलीत राहतो. मार्चपर्यंत पंख्यावर भागतं. एप्रिल-मे मध्ये वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा त्या खोलीत काय बसवायचं? तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेला, १८ इंची पंख्याचा, जीआय पत्र्याचा, खिडकीला लावायचा कूलर हेच आमचं उत्तर. गावातल्या कमी-जास्त व्होल्टेजवर एसीचा भरवसा नाही आणि कवेलूच्या (कौलारू) घरात एसीची थंड हवा टिकतच नाही. कूलरला मात्र हवा बाहेर जायला वाट हवीच असते, ती थोडीफार कवेलूच्या फटीही देतात. प्लास्टिकचा ब्रँडेड कूलर दिसायला देखणा, आवाजही कमी. पण खोलीच्या आत ठेवला की तीच दमट हवा फिरवत बसतो. पत्र्याच्या कूलरचा टुल्लू (पाणी वर चढवणारा छोटा पंप), कपॅसिटर, ताट्या (बाजूंना बसवलेले, पाण्याने भिजणारे पॅड) आठवडी बाजाराच्या गावातही मिळतात, ही मोठीच सोय.

उन्हाळ्यात स्वयंसेवकाचं काम सकाळचंच. पाच-साडेपाचला उठायचं, शाळा असो की शेत, अकराच्या आत परत यायचं. जेवण झालं की बारा ते साडेचार खोलीतच: अहवाल लिहिणं, थोडी झोप, घरच्यांशी बोलणं. म्हणजे कूलरची खरी परीक्षा याच साडेचार तासांत. बाहेर ४४-४५ अंश आणि हवा कोरडी असेल, ताट्या तिन्ही बाजूंनी सारख्या भिजत असतील, तर कूलरच्या तोंडाशी हवा २८-३० अंशांपर्यंत उतरते. त्यासाठी ताशी दहा-बारा लिटर पाणी उडतं. टाकी ८० लिटरची असावी आणि सकाळी नळ आला की तेव्हाच भरून ठेवावी. दुपारी दोनला पाणी संपलं, तर टुल्लू कोरडा फिरून जळतो आणि कूलर लू, म्हणजे बाहेरची गरम झळ, आत ओढायला लागतो.

बाहेरून आलेल्या माणसाला सवय एसीची. तो आल्या आल्या दारं-खिडक्या लावून घेतो. अर्ध्या तासात अंग चिकचिकतं, कागद मऊ पडतात आणि तक्रार येते की कूलर चालत नाही. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडं हवं. तिथे कागदाचा तुकडा धरून पाहा: तो बाहेरच्या बाजूला उडाला तर हवा नीट फिरते आहे, लोंबत राहिला तर फट वाढवा. लॅपटॉप कूलरच्या सरळ झोतात ठेवू नये, पंखा वेगात असला की बारीक तुषार येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्रा, पाणी आणि सोललेली वायर एकत्र आली की पूर्ण डबा करंट मारतो. दोन पिनचा प्लग लावून दिलेला कूलर घेऊच नका. तीन पिनचा प्लग, पत्र्याला नटाने घट्ट बसवलेली हिरवी अर्थिंगची वायर, घराची अर्थिंग खरंच जमिनीत गेलेली आहे का याची वायरमनकडून तपासणी आणि त्या खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागताच लाइन तोडणारा स्विच), एवढं झाल्याशिवाय पाहुण्याच्या हाती स्विच देऊ नये. पाणी टाकताना बटण बंद करून थांबायचं नाही, प्लग काढायचा. पायात चप्पल, हात कोरडे. हे त्याला पहिल्याच दिवशी, घरच्या काकू-काकांसमोर, करून दाखवा. नुसतं सांगून भागत नाही.

ताट्यांमध्ये वाळा सुगंधी आणि टिकाऊ, पण महाग. वुडवूल (लाकडाचा बारीक भुसकट-धागा) स्वस्त, एका उन्हाळ्यात दबून जातं आणि वर मोकळी जागा पडते, तिथून गरम हवा शिरते. मे च्या सुरुवातीला ताट्यांवरून हात फिरवून ती जागा भरून घ्यावी. मधाच्या पोळ्यासारखा हनीकोंब पॅड गोड्या पाण्यावर उत्तम. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण (खाऱ्या भूजलाच्या) पट्ट्यात मात्र तो घेऊ नये. क्षार साचून त्याची छिद्रं बुजतात. तिथे वुडवूलच बरं, बदलायला सोपं.

रात्री पंखा सगळ्यात हळू, कूलरच्या पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे पत्रा थरथरत नाही. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली असावी, नाहीतर झोताने उघडी पडते.

आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून, आतून घासून, उन्हात वाळवायची. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि त्याची अंडी पत्र्याच्या कडेला चिकटून राहतात; पाणी ओतून देऊन ती जात नाहीत. त्याच धुण्यात क्षारही निघतो.

मृग लागून पाऊस सुरू झाला की कूलरचं काम संपलं. दमट हवेत टुल्लू चालवला तर उकाडा वाढतोच. टुल्लू बंद ठेवून नुसता पंखा चालवता येतो. कूलर ठेवून देताना ताट्या काढून टाका, टुल्लू साध्या पाण्यात थोडा वेळ चालवून पुसून कोरडा ठेवा, मोटरच्या बुशात तेलाचे दोन-चार थेंब सोडा आणि तळाच्या पत्र्याला आतून ब्लॅक जपान (गंज रोखणारा काळा रंग) लावा. गंज आधी तिथेच धरतो.