मेंटॉर ताई मिळाल्यावर: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव (बेळगाव)

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी शिकणाऱ्या मुलींना नोकरीतल्या बायकांशी जोडून देतात. गेल्या पावसाळ्यात मी त्यात नाव दिलं. मेकॅनिकल, शेवटचं वर्ष, गाव खानापूर तालुक्यात, घरात इंजिनिअर होणारी पहिलीच. नाव देण्याआधी कुणाचा अनुभव वाचायला मिळतो का म्हणून खूप शोधलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निकाल: नाव जरूर द्या, आणि ओळखींसाठी द्या. सल्ला काय, यूट्यूबवरही मिळतो.

बेळगावात राहणाऱ्याला हे सांगायला नको. उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत फौंड्री (धातू ओतायचे कारखाने), मशीन शॉप, हायड्रॉलिक्सची कामं गल्लोगल्ली आहेत, पण जागा निघाली तर ती पेपरात येण्याआधी चहाच्या गाड्यावर कळते. वर्गातली मुलं संध्याकाळी तिथंच असतात. कुणाचा मामा सुपरवायझर, कुणाचा मित्र सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर). आम्ही मुली त्या वेळी बसस्टँडवर. कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत करणाऱ्या शक्ती योजनेमुळं जून २०२३ पासून तिकीट काढावं लागत नाही, त्याचा फार मोठा आधार आहे, पण शेवटची सोयीची बस चुकवून चहाला कोण थांबणार? मार्क आमचे जास्त, आणि इंटर्नशिप कुठं आहे हे आम्हाला सगळ्यात शेवटी कळायचं.

पहिल्यांदा जोडून दिलेल्या ताई पुण्यातल्या मोठ्या कंपनीत वरच्या पदावर होत्या. बोलायला फार चांगल्या. पण ‘सहा महिने पुण्यात येऊन राहा’ म्हटल्यावर आमच्या घरात काय होतं, आणि इथल्या कुठल्या कारखान्यात कुणाला विचारायचं, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मी समन्वयक मॅडमना स्पष्ट सांगितलं की मला जिल्ह्यातलीच कुणीतरी द्या. मग मिळाल्या त्या ताई मूळच्या निपाणीच्या, हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमध्ये (विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या विशेष आर्थिक क्षेत्रात) क्वालिटीला. पहिलाच फोन, ‘काय करूलालीस आत्ता? पेपर-पेन घे.’

माझ्या रेझ्युमेवरचं ‘मेहनती, प्रामाणिक’ त्यांनी खोडायला लावलं. एका ड्रॉइंगचा फोटो पाठवला: २५ एच७ चं भोक, म्हणजे व्यास २५ मिमी, आणि त्याहून किती मोठं चालेल (टॉलरन्स) ते एच७ वरून ठरतं. २५.०२ मिमी भरलं तर पास की रिजेक्ट? मी टेबल बघून सांगितलं, पास, वरची मर्यादा २५.०२१. ‘बरोबर. मोजलंस कशानं?’ व्हर्नियरनं, म्हटलं. ‘अगं, व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी. २१ मायक्रॉनचा (०.०२१ मिमी) टॉलरन्स तू त्यानं कसा पकडणार?’ त्या दिवशी भोक नीट तपासायच्या बोअर गेज आणि प्लग गेजवर जे बोलणं झालं, ते लॅबच्या जर्नलमध्ये कुठंच नव्हतं. पुढं इंटरव्ह्यूत जवळजवळ हाच प्रश्न आला.

तो इंटरव्ह्यू मिळाला तोही ताईंच्या एका फोनमुळं. उद्यमबागेतल्या त्यांच्या जुन्या सहकारी बाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, ‘मुलगी बघा, पटली तर घ्या.’ मुलांना मामाकडून मिळतं ते हेच.

कन्नडबद्दलही त्यांनीच टोकलं. दहावीपर्यंत विषय होता, मार्कही बरे होते, पण शॉप फ्लोअरवर ऑपरेटरला ‘हा पीस पुन्हा मोज’ म्हणायला परीक्षेतलं कन्नड पुरत नाही. त्यांनी रोजच्या कामाची वाक्यं पाठवली, मी ती बसमध्ये म्हणत जायची. आता ऑपरेटर अण्णा स्वतःहून समजावून सांगतात.

बाबांची काळजी शिफ्टची होती. ताई त्यांच्याशी स्वतः बोलल्या. कर्नाटकानं २०१९ मध्ये कारखान्यात बायकांना रात्रपाळीची परवानगी दिली ती अटींवर. बाईची लेखी संमती लागते, ने-आण करायला गाडी लागते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानं तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. हे कंपनीला विचारायचं, त्यात लाज कसली, असं त्या म्हणाल्या. बाबांनी सगळं वहीत लिहून घेतलं.

आता खटकलेलं. महिन्यातून एकदा होणारी मोठी ऑनलाइन व्याख्यानं मला फारशी उपयोगी पडली नाहीत. ग्रुपवर सुधा मूर्तींनी १९७४ मध्ये जेआरडी टाटांना लिहिलेल्या पोस्टकार्डाची गोष्ट परत परत येते. त्या शिकल्या आमच्या शेजारच्या हुबळीत, आम्हाला अभिमानच आहे. पण सगळ्याच मुली थेट टाटांना पत्र लिहू शकत नाहीत. आमच्यातल्या बहुतेकींना दोन पावलं पुढं असलेली, फोन उचलणारी बाई लागते. जोड्याही फक्त ब्रँच बघून लावतात, गाव बघत नाहीत. हे बदलायलाच हवं.

पाचपैकी चार. नाव देणाऱ्या मुलींनी अर्जात आपला तालुका, बसची वेळ आणि जिल्ह्यातलीच मेंटॉर हवी हे लिहावं, पहिली जोडी जमली नाही तर महिन्याभरात बदलून मागावी. आणि उद्यमबाग, मच्छे, हत्तरगीत काम करणाऱ्या तायांनो, यादीत तुमची नावं फार कमी आहेत. आठवड्याला अर्धा तास देता आला तर कृपया नाव द्या. खानापूर आणि हुक्केरी भागातल्या मुली आत्ताही वाट बघत आहेत.