टाकीची सफाई कुणाकडे द्यायची: चेरी, अमानो, की गोगलगाय?

आमच्याकडे कोळंबी म्हटलं की आईचा हात आधी लसणाकडे जातो. त्यामुळे मी पहिल्यांदा दहा लाल कोळंब्या पिशवीतून जिवंत घरी आणल्या आणि या खायच्या नाहीत, फिशटँक साफ करायला आहेत असं सांगितलं, तेव्हा तिने पिशवी खिडकीपाशी उजेडात धरली. "करंदीएवढ्या तर आहेत. या काय साफ करणार?" 

उपहास सोडला तर प्रश्न अगदी नेमका होता. दुकानदार 'क्लीनर' म्हणून जे जे विकतो, ते प्रत्येकजण वेगळी घाण खातं, आणि काही घाण कुणीच खात नाही. म्हणून आधी आपल्या टाकीत नक्की काय साचतंय ते बघायचं आणि मग पैसे काढायचे.

माशांनी न खाल्लेले दाणे, कुजलेली पानं, दगड-लाकडावरचा बुळबुळीत थर हे कोळंबीचं खरं अन्न. हा बुळबुळीत थर म्हणजे जिवाणू आणि सूक्ष्म शेवाळ. ती दिवसभर तेच चिमटीने उचलून तोंडात टाकत असते. झाडांना चिकटलेलं मऊ, केसांसारखं शेवाळ काही जाती खातात. काचेवर घट्ट बसलेले हिरवे ठिपके मात्र त्यांना निघत नाहीत. निळसर-हिरव्या, घाण वास येणाऱ्या थराला तर त्या तोंडही लावत नाहीत. पाणी हिरवं झालं असेल तर तो उन्हाचा आणि जास्तीच्या खाण्याचा परिणाम, तिथे कोळंबीचा काही संबंध नाही. माशांची विष्ठा? ती कुणीच खात नाही. आणि माशांच्या घाणीतून तयार होऊन पाण्यात विरघळलेलं नायट्रेट बादलीनेच बाहेर काढावं लागतं. कोळंबी आणली म्हणून दर आठवड्याचं पाणी बदलणं सुटतं असं सांगणाऱ्या दुकानातून मी तरी काही घेत नाही.

चेरी आणि अमानो

खरी निवड कोळंबीच्या या दोन जातींतच असते.

चेरी मूळची तैवान आणि पूर्व चीनकडची. निसर्गात ती मातकट-हिरवट असते, लाल रंग माणसाने निवडून निवडून आणलेला. आकार जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर, आयुष्य साधारण दीड वर्ष. पण आयुष्य कमी असल्याचं जाणवत नाही, कारण ती घरातच वाढते. मादी २०-३० अंडी पोटाखाली धरून तीन-चार आठवडे पंख्यासारखे पाय हलवत हिंडते, आणि मग मुंगीएवढी पण हुबेहूब कोळंबीच दिसणारी पिल्लं बाहेर पडतात. पिल्लांना वेगळं काही लागत नाही. आणलेल्या दहांच्या माझ्याकडे आठ-नऊ महिन्यांत मोजता येणार नाहीत इतक्या झाल्या, आणि सफाईचा फरक तेव्हाच दिसायला लागला. एकटी चेरी फारसं काही करत नाही, ऐंशी चेरी मिळून करतात.

अमानो दिसायला साधी. पारदर्शक अंग, कडेला तपकिरी ठिपके. मादी पाच सेंटीमीटरपर्यंत जाते. हिचं नाव जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांच्यावरून पडलं. त्यांनी १९८० च्या दशकात झाडांनी भरलेल्या टाक्यांमध्ये शेवाळ आवरायला ही मोठ्या संख्येने वापरली, आणि मग जगभर तिला मागणी आली. कामाला ती चेरीपेक्षा कितीतरी सरस आहे. जावा मॉस या पाणवनस्पतीत गुंतलेलं केसाळ शेवाळ, जे हाताने ओढलं तर झाडासकट निघतं, ते चार-पाच अमानो काही दिवसांत विरळ करतात. साधारण ८-१० लिटर पाण्याला एक असा हिशेब पुरतो. दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त जगते.

मग सगळ्यांनी अमानोच का घेऊ नये? एक, ती चेरीच्या कितीतरी पट महाग. दोन, घरात वाढत नाही. मादी अंडी धरते, पण पिल्लं अळीच्या रूपात बाहेर येतात आणि त्यांना वाढायला खारं पाणी लागतं. निसर्गात ती नदीतून वाहत समुद्राकडे जातात आणि मोठी होऊन परत वर येतात. आपल्या गोड्या पाण्यात ती काही दिवसांत संपतात. म्हणजे जेवढ्या मेल्या तेवढ्या पुन्हा विकत आणायच्या. तीन, हिला आयतं मिळालं की ती कामाला हात लावत नाही. माशांचे दाणे पडले की सगळ्यात आधी अमानो येते, स्वतःच्या डोक्याएवढा दाणा पोटाशी धरून कोपऱ्यात पळते आणि शेवाळ तसंच राहतं. अमानो आणायच्या असतील तर माशांचं खाणं निम्म्यावर आणावं लागतं, आणि घरात 'मासे उपाशी आहेत' म्हणून मागून चिमूटभर टाकणारं कुणी असेल तर या खर्चाचा उपयोग नाही. आमच्याकडे आहे, बाबा आहेत. चार, ती टाकीबाहेर चढते. हवेच्या नळीला धरून वर येते आणि सकाळी फरशीवर वाळलेली सापडते. झाकण हवंच.

झाडं भरपूर, शेवाळाचा त्रास खरा, झाकण घट्ट, खाणं मोजून, असं असेल तर अमानो. बाकी बहुतेक घरांना माझं मत चेरीलाच. एवढंच की लाल, निळी, पिवळी अशा रंगांची सरमिसळ आणू नका. ही सगळी एकाच जातीची रूपं आहेत, आपसात जुगतात, आणि दोन-तीन पिढ्यांत सगळा गोतावळा मूळच्या मातकट रंगावर येतो.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्रिस्टल दुकानात सुंदर दिसते. तिला आम्लधर्मी पाणी, खास माती आणि थंडावा लागतो. ती शोभेला आहे, सफाईला नाही. बांबू श्रिंप तर वाहत्या पाण्यातले कण हातांच्या जाळीत गाळून खाते, तळाकडे बघतही नाही. तळाशी बसून माती चाळायला लागली तर समजायचं की तिची उपासमार चालली आहे.

'घोस्ट' नावाचा घोटाळा

सगळ्यात स्वस्त मिळते ती काचेसारखी पारदर्शक 'घोस्ट श्रिंप'. माझ्या एका ओळखीच्या दुकानातून मी अशा सहा आणल्या होत्या. पहिल्या महिन्यात छान. मग निऑन टेट्रा मासे कमी व्हायला लागले. रात्री टॉर्च मारून बघितलं तेव्हा एकीच्या लांब हातांत निऑनची शेपटी होती.

आपल्याकडे या नावाखाली बऱ्याचदा स्थानिक नद्या-तळ्यांतली, मॅक्रोब्रेकियम गटातली कोळंबी येते. शेतीतली मोठी गोड्या पाण्यातली कोळंबी याच गटातली, आणि ती तर फूटभर होते. ओळखायची खूण हातांत आहे. चेरी-अमानोचे हात आखूड आणि टोकाला बारीक कुंचले असतात. या गटात पुढच्या पायांची दुसरी जोडी लांब असते आणि तिच्या टोकाला चिमटा असतो. लहानपणी हा फरक नीट दिसत नाही, म्हणून मी त्या वाटेलाच जात नाही. वेगळ्या टाकीत एकटी ठेवायची असेल तर गोष्ट निराळी, बघायला ती फार देखणी आहे.

गोगलगाय आणि सकर

काचेवरच्या हिरव्या ठिपक्यांना उत्तर एकच, नेराइट गोगलगाय. ती काच अशी खरवडते की मागे स्वच्छ पट्टा उमटतो. हिचीही अंडी गोड्या पाण्यात फुटत नाहीत, त्यामुळे शंभर गोगलगायी होण्याची भीती नाही. पण अंडी घालते मात्र सगळीकडे. पांढरे तिळासारखे ठिपके लाकडावर, दगडावर, फिल्टरवर, आणि ते नखाने निघत नाहीत. काळ्या लाकडाची हौस असेल तर विचार करा. चेरी आणि दोन नेराइट ही माझ्या मते साध्या घराला सगळ्यात चांगली जोडी.

सकर मासा कृपया नको. दुकानात बोटाएवढा असतो आणि काचेला तोंड लावून बसतो म्हणून पोरांना आवडतो. तो फूट-दीड फूट वाढतो, मोठा झाल्यावर शेवाळ सोडून आयतं खातो आणि सगळ्यांत जास्त घाण तोच करतो. मग कुणीतरी 'देवाला सोडावा तसा' तो तळ्यात सोडून येतं. भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत आता तो पसरलाय, मच्छीमारांच्या जाळ्यात काटेरी ओझं होऊन येतो.

तुमचं पाणी आणि तुमचे मासे

निवड अर्धी इथे ठरते. मुंबई-पुण्याला धरणाचं पाणी येतं, ते मऊ असतं. कोळंबीला कात टाकून नवं कवच बनवायला कॅल्शियम लागतं, आणि अगदी मऊ पाण्यात ती कात टाकताना अडकून मरते. आरओचं पाणी 'शुद्ध' म्हणून टाकीत ओतणारे बरेच भेटतात. माशांचं कसंबसं निभतं, कोळंबीचं नाही. उपाय स्वस्त आहे. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन, म्हणजे माकुळ माशाचं कॅल्शियमयुक्त हाड, मिळतो, त्याचा बोटभर तुकडा टाकीत टाकायचा, तो सावकाश विरघळतो. उलट बोअरवेलचं जड पाणी असेल तर चेरीला ते चालतं, क्रिस्टलला अजिबात नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र दोघींना घातक. अँटिक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय पाणी बदलू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

उन्हाळा दुसरी परीक्षा. चेरीला २०-२६ अंश मानवतं. ३० च्या वर पाण्यातला प्राणवायू घटतो आणि एकेक गळायला लागते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो, मुंबईच्या दमटपणात तेवढा नाही. दिवाळीनंतर थंडीत सुरुवात केलेली बरी, मे महिन्यापर्यंत त्यांची वसाहत उभी राहते.

मासे कोणते आहेत? गोल्डफिश, एंजल, फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर असतील तर कोळंबी म्हणजे महाग खाणं. गप्पी, मॉली, निऑन मोठ्या चेरीला त्रास देत नाहीत, पिल्लं मात्र टिपतात. जावा मॉसचा दाट गोळा ठेवला तर पुरेशी वाचतात. फायटरचं त्याच्या स्वभावावर. माझा पहिला दोन वर्षं चेरींबरोबर शांत राहिला, दुसऱ्याने आठवड्यात फडशा पाडला.

मागे लटकणारा फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर पिल्लं त्यात ओढली जातात. मी साधा स्पंज फिल्टरच वापरतो, त्यावर जमलेला थर खायला पिल्लं रांगेने बसतात.

आणि एक गोष्ट आपल्याकडच्या घरांसाठी खास. डासांचं लिक्विड आणि सोसायटीत होणारी धुराची फवारणी. त्यातली रसायनं बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातली असतात, डास मारायलाच बनवलेली. आणि कोळंबी डासाच्याच दूरच्या गोतावळ्यातली. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. माशांना काही झालं नाही आणि कोळंब्या एका रात्रीत गेल्या, तर आधी याच्यावर संशय घ्यावा. टाकी असलेल्या खोलीत लिक्विड लावू नका. फवारणीवाला येईल त्या दिवशी खिडक्या बंद करा, टाकीवर ओली चादर टाका, पंप थोडा वेळ बंद ठेवा. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर कोळंबी दुसऱ्या घरी पाठवलेली बरी. माशांच्या औषधाच्या बाटलीवर तांबं लिहिलेलं असेल तर तेही या टाकीत नको.

आणायच्या ठरल्या तर

नव्या टाकीत सोडू नका. दोन महिने तरी चाललेली, थोडी शेवाळलेली टाकी हवी. काचेसारखी लखलखीत टाकी म्हणजे त्यांच्यासाठी रिकामी पंगत. घरी आणल्यावर पिशवीत टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत तास-दीड तास लावा.

खायला फार काही विकत घ्यावं लागत नाही. उकळून मऊ केलेली पालकाची काडी, दुधीची चकती, तेही आठवड्यातून एकदा आणि रात्री उरलेलं सकाळी काढून. पालक आधी दोनदा धुवा, फवारणी तिथेही असते. देशी बदामाची लाल होऊन गळलेली वाळकी पानं त्यांना फार आवडतात. परदेशात ती पाकिटात घालून विकतात, आपल्याकडे कोकणात आणि मुंबईच्या फुटपाथवर पायाखाली येतात. रस्त्यापासून लांबच्या झाडाची घ्या, धुवा, एक पान टाका. महिनाभरात त्याच्या नुसत्या शिरांची जाळी उरते.

पहिला आठवडा त्या दिसल्या नाहीत तर टाकी उपसू नका, लपलेल्या असतात. आणि तळाशी पारदर्शक, पोकळ, मिशांसकट अख्खी कोळंबी पडलेली दिसली तर ती कात आहे. आईने अशी पहिली कात बघून "गेली गं बिचारी" म्हणत चमच्याने काढून झाडात टाकली होती. काढू नका. दोन दिवसांत त्याच ती खाऊन टाकतात.